एकाच पेनड्राइव्हवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम: ग्रबचा मेनू दिसतो, पण पुढे बूट का होत नाही?

प्रश्न असा आहे. १२८ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर उबुंटू, डेबियन आणि फेडोरा यांच्या लाइव्ह आयएसओ फाइल (इन्स्टॉल न करता चालणारी सिस्टिम एकाच फाइलमध्ये साठवलेली डिस्कची प्रत), मेमरी तपासण्याचे साधन आणि विंडोज ११ चा इन्स्टॉलर ठेवायचा आहे. हा पेनड्राइव्ह कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या, बायोस (संगणक सुरू करणारे जुने अंगभूत सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर) असलेल्या संगणकांवरही चालला पाहिजे आणि यूईएफआय (नवे फर्मवेअर) असलेल्या नव्या लॅपटॉपवरही. ग्रब, म्हणजे मेनू दाखवून सिस्टिम सुरू करणारा बूटलोडर, बसवला आहे, मेनू दिसतो, उबुंटूची नोंद निवडली की कर्नल (सिस्टिमचा गाभा) सुरूही होतो. पण थोड्याच वेळात ‘अनेबल टू फाइंड अ मीडियम कंटेनिंग अ लाइव्ह फाइल सिस्टिम’ असा संदेश येऊन सगळे थांबते. विंडोजची आयएसओ तर मेनूतून सुरूच होत नाही. मेनूमधल्या ओळी आयएसओच्या आत असलेल्या ग्रबच्या फाइलमधून जशाच्या तशा उचललेल्या आहेत. शिवाय, हे सगळे हाताने करण्यापेक्षा व्हेंटॉय हे तयार साधन का वापरू नये, असाही प्रश्न आहे.

आधी थोडक्यात उत्तर देतो. आपला ग्रब व्यवस्थित बसला आहे आणि आयएसओ फाइलही बहुधा चांगली आहे. आयएसओ फाइल कुठे ठेवली आहे हे आपण ग्रबला सांगितले, पण कर्नलला सांगितले नाही, एवढाच हा दोष आहे. अनेक सिस्टिम असलेला पेनड्राइव्ह तयार करताना ज्या अडचणी येतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक अडचणींचे मूळ इथेच सापडते, म्हणून हा भाग मी सविस्तर लिहितो आणि मग पार्टिशन, सिक्युअर बूट व विंडोज यांच्याकडे वळतो. कमांड आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत, आणि वेगळे सांगितले नसेल तिथे लहान अक्षरांत लिहावीत.

ग्रब चालू असतो तेव्हा संगणकावर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम नसते. डिस्क वाचण्यासाठी तो फर्मवेअरने दिलेल्या सेवा वापरतो. ‘लूपबॅक’ ही कमांड दिली की पार्टिशनवरची एक आयएसओ फाइल ग्रबला स्वतंत्र डिस्कसारखी दिसू लागते आणि तिच्या आतल्या फाइली वाचता येतात. त्यांतल्या फक्त दोन फाइली तो मेमरीत आणतो: कर्नल आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर आणि स्क्रिप्ट असलेली छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम). त्यानंतर तो कर्नलच्या पहिल्या सूचनेवर उडी मारतो, आणि त्या क्षणी ग्रब संपतो. त्याने केलेले लूपबॅक, त्याने ठरवलेले ‘रूट’, त्याची चले, यांतले काहीही पुढे जात नाही. पुढे जाते ती फक्त कर्नलची कमांडलाइन, म्हणजे ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत कर्नलच्या नावापुढे आपण जे लिहिले असेल ते.

आता कर्नल स्वतःचे यूएसबी ड्रायव्हर चालू करतो, पेनड्राइव्ह नव्याने ओळखतो आणि इनिटआरडीमधल्या स्क्रिप्टांकडे कारभार सोपवतो. उबुंटूमध्ये या स्क्रिप्टांच्या संचाचे नाव ‘कॅस्पर’ असे आहे. लाइव्ह सिस्टिमची खरी फाइल सिस्टिम ज्या स्क्वॅशएफएस फाइलींत दाबून ठेवलेली असते, त्या शोधण्याचे काम कॅस्परचे. तो प्रत्येक डिस्क आणि प्रत्येक पार्टिशन पाहतो आणि तिथे ‘कॅस्पर’ नावाचे फोल्डर आहे का ते तपासतो. आपल्या पार्टिशनवर त्याला फक्त एक ‘आयएसओ’ नावाचे फोल्डर आणि त्यात काही मोठ्या फाइली दिसतात. त्यांपैकी एखादी फाइल उघडून आत पाहावे असे त्याला कोणी सांगितलेले नसते, म्हणून काही वेळ वाट पाहून तो आपण पाहिलेला संदेश देतो. थोडक्यात, एकच आयएसओ फाइल दोनदा शोधली जाते, एकदा ग्रबकडून आणि एकदा इनिटआरडीकडून, आणि या दोघांमध्ये निरोप पोहोचवण्याचे साधन फक्त कमांडलाइन हेच आहे. आयएसओच्या आतून उचललेल्या ओळीत हा निरोप नसणे साहजिक आहे, कारण ती ओळ संपूर्ण आयएसओ पेनड्राइव्हवर किंवा डीव्हीडीवर थेट लिहिली जाईल असे धरून लिहिलेली असते.

उबुंटूसाठी हा निरोप ‘आयएसओ-स्कॅन/फाइलनेम’ या पॅरामीटरने द्यायचा असतो. बरोबरचे चिन्ह देऊन त्यापुढे फाइलचा मार्ग लिहावा, आणि तो मार्ग पार्टिशनच्या मुळापासून, तिरक्या रेघेने सुरू झाला पाहिजे. ग्रबच्या पद्धतीने कंसातले डिस्कचे नाव तिथे लिहू नये, कारण ग्रबने दिलेली डिस्कची नावे कर्नलला माहीत नसतात. अक्षरांचा लहानमोठेपणाही तंतोतंत जुळला पाहिजे. हा पॅरामीटर मिळाला की कॅस्पर एकेक पार्टिशन माउंट करून, म्हणजे वाचण्यासाठी जोडून, त्या मार्गावर फाइल आहे का ते पाहतो, सापडलेले पार्टिशन ‘आयएसओडिव्हाइस’ या जागी माउंट करून ठेवतो आणि फाइल लूप डिव्हाइसवर चढवतो. तिथून पुढे सगळे नेहमीसारखे चालते.

एवढे करूनही तोच संदेश आला, तर पेनड्राइव्ह काढून पुन्हा सगळे लिहिण्याची घाई करू नये. संदेशानंतर बिझीबॉक्सचा एक छोटा शेल मिळतो. निदान करायला त्याहून चांगली जागा नाही. तिथे सर्वांत आधी ‘कॅट’ने ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ ही फाइल वाचावी. कर्नलला प्रत्यक्षात काय मिळाले ते तिच्यात दिसते. अनेकदा तिथे ‘आयएसओ-स्कॅन/फाइलनेम’ असते, बरोबरचे चिन्ह असते आणि त्यापुढे काहीच नसते. याचा अर्थ ग्रबमधले चल रिकामे होते: एक तर ते दुसऱ्या फाइलमध्ये ठरवले आणि ‘एक्स्पोर्ट’ केले नाही, किंवा त्याच्या नावातच अक्षराची चूक झाली. चलाचे नावच डॉलरच्या चिन्हासह जसेच्या तसे दिसत असेल, तर ते एकेरी अवतरणात लिहिले गेले आहे. ग्रब एकेरी अवतरणातल्या चलाची किंमत भरत नाही. कमांडलाइन बरोबर असेल, तर त्यानंतर ‘/प्रॉक/पार्टिशन्स’ वाचावी. तिथे पेनड्राइव्हच दिसत नसेल, तर अडचण यूएसबी पोर्टची किंवा ड्रायव्हरची आहे. दुसऱ्या पोर्टात लावून पाहावे. पेनड्राइव्ह दिसतो आणि कमांडलाइनही बरोबर आहे, असे असेल तर संशय फाइल सिस्टिमवर घ्यावा, कारण ग्रबला जी फाइल सिस्टिम वाचता येते ती इनिटआरडीला वाचता येईलच असे नाही. एक्सफॅटच्या बाबतीत हे वारंवार घडते. ग्रबकडे एक्सफॅटचे मॉड्यूल आहे, त्यामुळे मेनू आणि कर्नल सुरळीत चालतात. पण इनिटआरडीत ते मॉड्यूल भरलेले नसेल, तर पुढचा शोध तिथेच खुंटतो.

प्रत्येक डिस्ट्रोमध्ये, म्हणजे लिनक्सच्या प्रत्येक प्रकारात, या निरोपाची भाषा वेगळी आहे. डेबियनच्या लाइव्ह आयएसओसाठी ‘फाइंडआयएसओ’ हा पॅरामीटर आणि सोबत ‘बूट’ची किंमत ‘लाइव्ह’ अशी द्यावी लागते. कर्नल आणि इनिटआरडी ‘लाइव्ह’ फोल्डरमध्ये असतात. फेडोरामध्ये कॅस्परचे हे काम ‘ड्रॅकट’ करतो. त्यालाही ‘आयएसओ-स्कॅन/फाइलनेम’ चालते, पण त्याच्यासोबत ‘रूट’च्या किमतीत ‘लाइव्ह:सीडीलेबल’ (यातले ‘सीडीलेबल’ मोठ्या अक्षरांत) आणि आयएसओचे लेबल द्यावे लागते, शिवाय ‘आरडी.लाइव्ह.इमेज’ही. हे लेबल फाइलच्या नावाहून वेगळे असते. फाइलचे नाव आपण बदलू शकतो. लेबल मात्र आयएसओच्या आत लिहिलेले असते आणि प्रत्येक आवृत्तीत बदलते. म्हणून ते हाताने लिहिण्याऐवजी ग्रबच्या ‘प्रोब’ कमांडला ‘लेबल’ हा पर्याय देऊन लूपमधून वाचून चलात घ्यावे आणि ते चल ओळीत वापरावे. आर्चमध्ये ‘आयएमजी_डेव्ह’ने पार्टिशन आणि ‘आयएमजी_लूप’ने फाइलचा मार्ग, असे दोन्ही सांगावे लागते, पार्टिशन यूयूआयडीने (त्याच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने) सांगणे चांगले.

मात्र शक्य असेल तिथे या ओळी स्वतः लिहू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उबुंटू, डेबियन लाइव्ह आणि इतर काही डिस्ट्रो आपल्या आयएसओच्या आत, ‘बूट/ग्रब’ फोल्डरमध्ये, ‘लूपबॅक.सीएफजी’ नावाची एक फाइल देतात. ती अशा वापरासाठीच लिहिलेली असते. आपण ‘आयएसओ_पाथ’ या चलात फाइलचा मार्ग ठेवायचा, ते चल ‘एक्स्पोर्ट’ करायचे, ‘लूपबॅक’ करायचे, ‘रूट’ त्या लूपवर न्यायचे आणि ‘कॉन्फिगफाइल’ने ती फाइल उघडायची. योग्य पॅरामीटर ती स्वतः भरते आणि त्या डिस्ट्रोचा पूर्ण मेनू, सेफ ग्राफिक्सच्या नोंदीसह, समोर येतो. याचा खरा फायदा आवृत्ती बदलताना कळतो. उबुंटू १६.०४ च्या डेस्कटॉप आयएसओत कर्नलच्या नावाला ‘.ईएफआय’ आणि इनिटआरडीच्या नावाला ‘.एलझेड’ अशी शेपटी होती. पुढे ती दोन्ही गेली आणि हाताने लिहिलेल्या असंख्य नोंदी निकामी झाल्या. ‘लूपबॅक.सीएफजी’ वापरणाऱ्यांना मात्र काहीही बदलावे लागले नाही. ही फाइल आहे की नाही हे पाहण्यासाठी मेनूवर ‘सी’ दाबून ग्रबच्या प्रॉम्प्टवर जावे, लूपबॅक करावे आणि ‘एलएस’ने आतले फोल्डर पाहावे.

डेबियनच्या नेटइन्स्ट आयएसओचा प्रकार निराळा आहे आणि त्याने पुष्कळांची फसगत होते. ती लाइव्ह सिस्टिम नाही, इन्स्टॉलर आहे, आणि तिच्या आतल्या इनिटआरडीला आयएसओ फाइल शोधता येत नाही. तिला सीडी किंवा आयएसओ थेट लिहिलेले माध्यमच हवे असते. त्यासाठी डेबियन ‘एचडी-मीडिया’ नावाने वेगळा कर्नल आणि वेगळा इनिटआरडी देतो. ते दोन पार्टिशनवर ठेवून त्यांपासून बूट केले, की इन्स्टॉलर सर्व पार्टिशनांवर आयएसओ फाइल शोधतो. एचडी-मीडियाच्या फाइली आणि आयएसओ एकाच आवृत्तीच्या असाव्यात, नाहीतर कर्नल आणि त्याची मॉड्यूल यांचा मेळ बसत नाही.

आता पार्टिशनची रचना. दोन्ही प्रकारच्या संगणकांवर चालवायचे असल्याने मी जीपीटी (पार्टिशनांची यादी ठेवण्याची नवी पद्धत) आणि चार पार्टिशन सुचवतो. पहिले १ एमआयबीचे, ‘बायोस बूट’ प्रकाराचे. जीडिस्क या पार्टिशन करण्याच्या साधनात त्याचा कोड ईएफ०२ आहे. त्यावर फाइल सिस्टिम करायची नसते. बायोस संगणक पहिल्या सेक्टरमधला कोड चालवतो. त्या ५१२ बाइटमध्ये कोडसाठी ४४६ बाइटच मोकळे असतात, तेवढ्यात फाइल सिस्टिम वाचण्याइतके शहाणपण मावत नाही, म्हणून ग्रबचा गाभा या छोट्या पार्टिशनवर सलग लिहिला जातो. दुसरे ५१२ एमआयबीचे, फॅट३२, ईएफ०० कोडचे ईएफआय सिस्टिम पार्टिशन. यूईएफआयचा ग्रब आणि ग्रबच्या सर्व मॉड्यूलांचे फोल्डर इथेच ठेवावे. तिसरे विंडोजसाठी, सुमारे १० जीबीचे, फॅट३२. उरलेली सर्व जागा चौथ्याला, ईएक्सटी४, आणि त्याला एक ठरलेले लेबल द्यावे. इथे आयएसओ फाइली राहतील.

ईएक्सटी४ का, असा प्रश्न येईल. फॅट३२ वर एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीआयबीला एक बाइट कमी इतकी आहे आणि उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप आयएसओ ती सहज ओलांडते. एक्सफॅटची अडचण वर सांगितलीच. एनटीएफएस ग्रबला आणि बहुतेक इनिटआरडींना वाचता येते, त्यामुळे विंडोजमधूनच आयएसओ भरायच्या असतील तर तो पर्याय चालेल. मात्र विंडोजने पार्टिशन नीट बंद केले नसेल, तर लिनक्सकडून ते माउंट होण्यात कुरबुर होते. लिनक्सवर काम करणाऱ्याने ईएक्सटी४ सोडू नये.

जुन्या संगणकांसाठी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काही बायोस यूएसबी डिस्कचा पहिला १३७ जीबी भागच वाचू शकतात. १२८ जीबीच्या पेनड्राइव्हला त्याची झळ लागत नाही, पण उद्या हीच रचना ५०० जीबीच्या बाह्य डिस्कवर केली, तर आयएसओचे पार्टिशन सुरुवातीलाच ठेवावे लागेल. दुसरे असे की जीपीटी डिस्कवर एक संरक्षक एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीची पार्टिशनांची यादी, असतो आणि त्यात एकही पार्टिशन सक्रिय दिसले नाही, तर काही बायोस ती डिस्क बूट करण्याजोगी नाही असे समजून सोडून देतात. पार्टेडमध्ये ‘डिस्क_सेट पीएमबीआर_बूट ऑन’ ही कमांड दिली की ती खूण लागते.

ग्रब दोनदा बसवावा लागतो. डेबियन किंवा उबुंटूवर त्यासाठी ‘ग्रब-पीसी-बिन’ आणि ‘ग्रब-ईएफआय-एएमडी६४-बिन’ ही दोन्ही पॅकेज आधी घ्यावीत. ती एकत्र नांदतात आणि चालू संगणकाच्या बूटला हात लावत नाहीत. मग दुसरे पार्टिशन माउंट करून ‘ग्रब-इन्स्टॉल’ पहिल्यांदा ‘आय३८६-पीसी’ या टार्गेटने, बूट-डिरेक्टरी पेनड्राइव्हवरची देऊन चालवावा, आणि शेवटी संपूर्ण डिव्हाइसचे नाव द्यावे, पार्टिशनचे नव्हे. दुसऱ्यांदा ‘एक्स८६_६४-ईएफआय’ या टार्गेटने, ईएफआय-डिरेक्टरी आणि तीच बूट-डिरेक्टरी देऊन, ‘रिमूव्हेबल’ या पर्यायासह. हा शेवटचा पर्याय विसरू नये. तो दिला नाही तर ग्रब संगणकाच्या स्वतःच्या एनव्हीरॅममध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या कायमच्या मेमरीत, नोंद करतो आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर दिसतच नाही; तो दिला की ग्रबची फाइल ‘ईएफआय/बूट’ फोल्डरमध्ये ‘बूटएक्स६४.ईएफआय’ या नावाने जाते, आणि काढत्या-घालत्या माध्यमावर यूईएफआय हीच फाइल शोधतो. मात्र डिव्हाइसचे नाव टाइप करण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ने आकार पाहून खात्री करावी, चुकून संगणकाच्या मुख्य डिस्कचे नाव दिले, तर तिच्यावरचा बूटलोडर पुसला जातो.

मुख्य ‘ग्रब.सीएफजी’ दोन्हींसाठी एकच ठेवावी. तिच्यात डिस्क क्रमांकाने लिहू नये. एका संगणकावर पेनड्राइव्ह पहिली डिस्क असतो, दुसऱ्यावर तिसरी. म्हणून ‘सर्च’ कमांडला लेबल देऊन आयएसओचे पार्टिशन शोधावे आणि ‘रूट’ त्यावर ठेवावे. फर्मवेअरनुसार वेगळे काही करायचे असेल, तर ‘ग्रब_प्लॅटफॉर्म’ या चलाची किंमत ‘ईएफआय’ आहे की ‘पीसी’ हे तपासून नोंद दाखवता किंवा लपवता येते. ‘ग्रब.सीएफजी’ न बदलता नव्या आयएसओ आपोआप मेनूत याव्यात असे वाटत असेल, तर ‘रेगएक्स्प’ मॉड्यूल घालून ‘फॉर’च्या चक्रात फोल्डरमधल्या सर्व आयएसओंवर फिरता येते, आणि ज्यात ‘लूपबॅक.सीएफजी’ सापडेल तिची नोंद तयार करता येते. हे मॉड्यूल घातले नाही तर तारांकन निव्वळ अक्षर म्हणूनच वाचले जाते आणि चक्र एकदाही अपेक्षेप्रमाणे फिरत नाही. फाइल लिहून झाल्यावर ‘ग्रब-स्क्रिप्ट-चेक’ने तपासावी, न मिटलेला महिरपी कंस पेनड्राइव्ह लावण्याआधीच सापडतो.

यूईएफआयवर मोठ्या आयएसओचे लूपबॅक करताना ‘आउट ऑफ मेमरी’ असा संदेश आला, तर मेमरी कमी आहे असे समजू नये. ग्रब २.०४ पासून टीपीएमचे (संगणकातल्या सुरक्षा चिपचे) मॉड्यूल चालू असेल, तर उघडल्या जाणाऱ्या फाइलची मोजणी करण्यासाठी संपूर्ण फाइल मेमरीत घेण्याचा प्रयत्न होतो, आणि काही गिगाबाइटची आयएसओ तिथे मावत नाही. लूपबॅकच्या आधी ‘आरएमएमॉड टीपीएम’ ही ओळ घातली की ही अडचण सहसा दूर होते. बायोसवर हे मॉड्यूल नसतेच, त्यामुळे ही ओळ प्लॅटफॉर्म तपासूनच चालवावी.

सिक्युअर बूटबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारी यूईएफआयची सोय. तिच्या साखळीत फर्मवेअर मायक्रोसॉफ्टच्या सहीचा ‘शिम’ हा छोटा बूटलोडर तपासतो, शिम आपल्या डिस्ट्रोच्या सहीचा ग्रब तपासतो आणि ग्रब शिमच्या मदतीने कर्नलची सही तपासतो. उबुंटूच्या शिममध्ये उबुंटूची किल्ली असते, फेडोराची नसते. म्हणजे उबुंटूचा शिम आणि ग्रब असलेल्या पेनड्राइव्हवरून उबुंटूचा कर्नल चालेल, पण फेडोराचा कर्नल, तोही रीतसर सही केलेला असून, नाकारला जाईल. यावर उपाय दोन: प्रत्येक संगणकावर त्या त्या डिस्ट्रोची किल्ली ‘मॉक’ यादीत, म्हणजे संगणकाच्या मालकाने मान्य केलेल्या किल्ल्यांत, नोंदवायची, किंवा काम होईपर्यंत सिक्युअर बूट बंद ठेवायचे. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर दुसरा उपाय व्यवहार्य आहे. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मात्र तो करण्याआधी विंडोजचे बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारे एन्क्रिप्शन) चालू आहे का ते विचारावे, कारण ही सेटिंग बदलली की पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागू शकते, आणि ती हाताशी नसेल तर त्या माणसाचा सगळा डेटा अडकतो. हे विचारल्याशिवाय सेटिंगला हात लावू नये, असा माझा आग्रह आहे.

सही केलेला ग्रब वापरायचाच असेल, तर त्याच्या आत मार्ग पक्का लिहिलेला असतो हेही माहीत असावे. डेबियनचा ग्रब ‘ईएफआय/डेबियन’मध्ये आणि उबुंटूचा ‘ईएफआय/उबुंटू’मध्ये ‘ग्रब.सीएफजी’ शोधतो. तिथे दोन ओळींची फाइल ठेवावी: एक ‘सर्च’, दुसरी मुख्य फाइल उघडणारी ‘कॉन्फिगफाइल’. तसे न केल्यास मेनूऐवजी नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट दिसतो. आणखी एक गोष्ट: २०२० मध्ये ‘बूटहोल’ ही त्रुटी उघड झाल्यानंतर जुने शिम व ग्रब बाद ठरवण्यासाठी ‘एसबॅट’ ही व्यवस्था आली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने ती अनेक संगणकांवर लागू केली. त्यानंतर जुने लाइव्ह पेनड्राइव्ह ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असा संदेश देऊन बंद पडू लागले. आपल्या पेनड्राइव्हवरचा शिम म्हणूनच ताजा ठेवावा.

विंडोजची आयएसओ लूपबॅकने चालत नाही, आणि याचे कारणही वर सांगितलेलेच आहे. ग्रब आयएसओच्या आतला बूट मॅनेजर एक वेळ चालवील. पण तो सुरू झाला की त्याला लूप दिसत नाही, आणि आयएसओ अमुक ठिकाणी आहे असे सांगणारा पॅरामीटर विंडोजकडे नाही. म्हणून आयएसओतल्या सर्व फाइली तिसऱ्या पार्टिशनवर सुट्या करून ठेवाव्यात. ‘सोर्सेस’ फोल्डरमधली ‘इन्स्टॉल.विम’ बहुधा ४ जीआयबीपेक्षा मोठी निघते आणि फॅट३२ वर बसत नाही. विंडोजवर डिझमच्या ‘स्प्लिट-इमेज’ने किंवा लिनक्सवर ‘विमलिब’ने तिचे ३,८०० एमबीचे तुकडे ‘.एसडब्ल्यूएम’ या शेपटीने करावेत. इन्स्टॉलर ते आपोआप ओळखतो. मग ग्रबच्या नोंदीत ‘सर्च’ने ते पार्टिशन शोधून ‘चेनलोडर’ने तिथली ‘बूटएक्स६४.ईएफआय’ चालवावी. विंडोज ११ ला यूईएफआय लागतेच, त्यामुळे ही नोंद बायोसवर दाखवूच नये. जुन्या संगणकांवर जुने विंडोज बसवायचे असल्यास त्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवणे बरे. एकाच माध्यमावर ते कोंबण्यात जाणारा वेळ सार्थकी लागत नाही. या रचनेत काही लॅपटॉपच्या बूट मेनूत एकाच पेनड्राइव्हच्या दोन नोंदी दिसतील, कारण दोन फॅट३२ पार्टिशनांवर बूटची फाइल आहे. त्यांतली एक ग्रबची आणि एक थेट विंडोजची असते. शिवाय विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीआधीच्या विंडोजला पेनड्राइव्हचे पहिलेच पार्टिशन दिसते. अशा संगणकावरून फाइली भरायला जाऊ नये.

मेमरी तपासण्यासाठी मेमटेस्ट८६+ ची सहाव्या मालिकेतली किंवा नंतरची आवृत्ती घ्यावी. पाचव्या मालिकेपर्यंत ती फक्त बायोसवर चालत असे. आता दोन्हींवर चालते.

लाइव्ह सिस्टिममध्ये केलेले बदल टिकावेत अशी इच्छा असेल, तर त्यासाठी आणखी एक ईएक्सटी४ पार्टिशन लागते. उबुंटू २०.०४ पासून त्याचे लेबल ‘रायटेबल’ असावे लागते, त्याआधी ‘कॅस्पर-आरडब्ल्यू’ असे. आणि कमांडलाइनवर ‘पर्सिस्टंट’ लिहावे लागते. डेबियनमध्ये लेबल आणि पॅरामीटर दोन्ही ‘पर्सिस्टन्स’, आणि त्या पार्टिशनवर ‘पर्सिस्टन्स.कॉन्फ’ या फाइलमध्ये तिरकी रेघ व ‘युनियन’ अशी एक ओळ. प्रयोगशाळेच्या पेनड्राइव्हवर मी हे करू नये असेच म्हणेन. एका विद्यार्थ्याचे बदल दुसऱ्याच्या पुढ्यात येतात.

हे सगळे हाताने करण्यापेक्षा व्हेंटॉय का वापरू नये, असेही आपण विचारले आहे. २०२० मध्ये आलेले हे साधन ग्रबवरच उभे आहे. आयएसओ नुसत्या कॉपी केल्या की मेनू तयार होतो आणि विंडोजची आयएसओही बहुधा न उलगडता चालते. फक्त वेगवेगळे इन्स्टॉलर जवळ बाळगायचे असतील, तर ते निःसंकोच वापरावे. मात्र ठरावीक पॅरामीटर, बायोस-यूईएफआयनुसार वेगळा मेनू आणि प्रत्येक फाइल कुठून आली याची खात्री, या गोष्टी हव्या असतील तर स्वतः लिहिलेला ग्रबच योग्य आहे, आणि तुमच्या प्रयोगशाळेसाठी मी तोच सुचवीन.

चाचणीसाठी दर वेळी संगणक रीस्टार्ट करण्याची गरज नाही. क्यूईएमयू या आभासी संगणक चालवणाऱ्या साधनाला पेनड्राइव्हचे डिव्हाइस ‘रॉ’ स्वरूपात देऊन किमान ४ जीबी मेमरीसह चालवावे. एकदा तसेच, म्हणजे बायोस, आणि एकदा ओव्हीएमएफ फर्मवेअर देऊन, म्हणजे यूईएफआय. ‘स्नॅपशॉट’ हा पर्याय अवश्य लावावा, त्यामुळे आतल्या सिस्टिमने लिहिलेले काहीही पेनड्राइव्हपर्यंत पोहोचत नाही. आणि चाचणीआधी त्याची सर्व पार्टिशन अनमाउंट केलेली असावीत. प्रत्येक आयएसओ कॉपी केल्यावर ‘सिंक’ पूर्ण होऊ द्यावे, पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावावा आणि मगच पेनड्राइव्हवरच्या प्रतीचा एसएचए२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) तपासावा. लगेच तपासला तर आकडा मेमरीतल्या प्रतीवरून निघतो आणि पेनड्राइव्हवर खरोखर काय उतरले ते कळत नाही.